धरली, ठेवली, सोडली

परवा शेजारच्या वनिताताई पेढे घेऊन आल्या. नाकातोंडावर हिरवा मास्क, हातात स्टीलचा डबा, आणि मास्कच्या वर दिसतील तेवढे डोळे नुसते हसत होते. त्यांच्या मुलाला ताप येत होता, इकडे नाशिकभर स्वाइन फ्लूची बोंब, म्हणून त्याच्या घशातला नमुना तपासायला पुण्याला पाठवला होता. "निगेटिव्ह आला हो बाई, निगेटिव्ह!" असं म्हणत त्यांनी माझ्या तळहातावर पेढा ठेवला. मी म्हटलं, वा, छान झालं, देव पावला. दार लावून घेतलं, आणि पेढा तसाच फळीवर ठेवून दिला. वनिताताईंचा काही दोष नाही. पेढाही चांगल्या दुकानातला होता. त्या एका शब्दावर माझं डोकं फिरतं, आणि ते गेली पंधरा वर्षं फिरतंय.

भाद्रपद आला की माझं असं होतंच. यंदाचा तर मुद्दाम मला डिवचायला आलाय. द्वारका चौकातल्या सिग्नलला मास्क विकतायत, कालपर्यंत गजरे विकत होती तीच माणसं. रिक्षावाल्यानं तोंडाला बायकोची ओढणी गुंडाळलीय. माझा मुलगा सातपूरला कंपनीत आहे. तो सांगतो, बसमध्ये कुणी शिंकलं की अख्खी शिफ्ट मान वळवून बघते. गणपतीच्या मांडवात धुपापेक्षा निलगिरीचा वास जास्त. आणि सकाळी पेपर उघडावा तर पहिल्या पानावर तो दुसरा शब्द दात विचकून बसलेला: संशयित. आणखी काही संशयित दाखल. संशयितांवर करडी नजर. अहो, माणसाला ताप आलाय, त्यानं दरोडा घातलाय का कुठं? पण आपल्याकडे चोराला आणि तापकऱ्याला एकच शब्द पुरतो. कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

सुरतेला प्लेग झाला त्या वर्षी मी पेठ तालुक्यात एका आदिवासी पाड्यावर शिक्षिका होते. पाड्याचं नाव सांगणार नाही. नाव एकदा चिकटलं की सुटत नाही, हे मी तिथंच बघितलंय, आणि त्या पाड्यावर माझा राग असला तरी तेवढं पाप मला करायचं नाही.

काय दिवस असतात हो ते भाद्रपदातले तिकडे! सावळ घाटात धुकं इतकं, की एसटीचा ड्रायव्हर खिडकीतून डोकं बाहेर काढून गाडी चालवायचा. भात निसवायला आलेलं. बांधाबांधावर तेरडा, माळावर खुरासणी पिवळीधमक. शाळेची कौलं गळायची, वह्या मऊ पडायच्या, खडू फळ्यावर उमटायचा नाही, नुसता पाणावलेला फराटा. आणि घराघरात कुणी ना कुणी घोंगडीखाली कुडकुडत पडलेलं. हिवताप. त्याचं कुणाला नवल नव्हतं. हजेरी घेताना मी एखादं नाव पुकारलं की मुलं कोरसमध्ये सांगायची, "आज त्याची पाळी हाय, बाई!" जणू फळा पुसायची पाळी. दुसऱ्या दिवशी तो पोरगा चिंचा खात हजर.

आवणी, म्हणजे भाताची लावणी, उरकली की तिथली माणसं मजुरीला बाहेर पडतात. त्या वर्षी बरीचशी सुरतेकडे बांधकामावर गेली होती. मग रेडिओवर बातमी आली आणि मागोमाग एक सरकारी जीप आली, टपावर भोंगा बांधलेली. मेलेला उंदीर दिसल्यास ताबडतोब कळवावे, असं ओरडून गेली. कुणाला कळवावे, कसे कळवावे, ते राहिलंच. दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग उंदरांना शेपटीला धरून दारात उभा! "बाई, कळवाया आणला." मी खुर्चीवर चढले. एकानं तर जिवंतच आणला होता. मी ओरडले, तर म्हणतो, "मरंल आता, बाई, थांबा." हसा, मीही तेव्हा पोट धरून हसले होते. पण भोंगा जे बोलतो ते पाड्यावर असं शब्दन् शब्द ऐकलं जातं, हे मला त्या दिवशी कळलं. भोंग्यावाल्यांना ते कधीच कळलं नाही.

शाळेला लागून भागीचं खोपट होतं. भागी म्हणजे भागीरथी. नवरा वारलेला, पदरात कुसुम नावाची पाच-सहा वर्षांची पोर, आणि उतारावर नागलीचा, म्हणजे नाचणीचा, एक तुकडा. जिभेला मात्र हाड नव्हतं बाईच्या. शाळेसमोरून जाताना मला टोमणा मारल्याशिवाय तिचं पाऊल पुढे पडायचं नाही. "आज बी शिकवता का बाई? रोज रोज शिकवून बी पोरं शिकली नाय अजून?" मी म्हणायची, तू ये शिकायला, मग बघ. ती म्हणायची, "मी आले तर तुमाला इचारीन, मंग तुमची पंचाईत." दोघी हसायचो. त्या पाड्यावर माझ्याशी बरोबरीनं बोलणारी ती एकटीच होती.

कापणीला तिकडे कुणी एकटं नसतं. आज सगळे तुझ्या शेतात, उद्या सगळे माझ्या. ज्याच्या शेतात काम त्याच्या घरचं जेवण. एकट्या बाईचं घर त्या रीतीवरच उभं असतं. ती रीत होती म्हणून भागी पोरीला घेऊन बिनधास्त टोळीबरोबर सुरतेला गेली होती. कापणीपर्यंत परत येते म्हणाली.

सुरतेहून माणसं पळत सुटली तेव्हा राज्याच्या हद्दीवर नाका बसला. एसटी थांबवायची, सगळ्यांना खाली उतरवायचं, रांगेत उभं करून थर्मामीटर लावायचा. आता एक सांगते. नाका नको होता असं मी म्हणत नाही. तिकडे खरोखर माणसं मरत होती. रोग कुठून येतो, कुठं पसरतो, यावर कुणीतरी डोळ्यांत तेल घालून नजर ठेवायलाच हवी. नाही तर गावंच्या गावं जातील. मी बाई आहे, मास्तरीण आहे, अडाणी नाही. माझं भांडण नजर ठेवण्याशी नाहीच. नजर ठेवून झाल्यावर हात झटकून निघून जातात ना, त्याच्याशी आहे.

तर भागीच्या हिवतापाची पाळी नेमकी नाक्यावर आली. रांगेत उभी, दातावर दात वाजतायत. झालं. तिला एका गाडीत घातली आणि नाशिकला एका मोठ्या दवाखान्यात नेली. टोळी सुरतेच्या पळापळीत पांगलेली, आणि पोरीला ताप नव्हता म्हणून पोर एसटीतच एकटी राहिली. एसटीच्या कंडक्टरनं तिला बिस्किटाचा पुडा घेऊन दिला, आमच्या फाट्यावर उतरवली, आणि तिथं उभ्या असलेल्या माणसांना सांगितलं, "हिच्या आईला प्लेगात धरली."

भला माणूस होता तो कंडक्टर. पण शब्द बघा. धरली. तिकडे माणसाला फक्त पोलीस धरतात, नाही तर जंगलखातं. लाकूड तोडलं म्हणून धरतात, दारू गाळली म्हणून धरतात. धरला म्हणजे त्यानं काहीतरी केलं असणार. कुसुमला मी माझ्या खोलीवर आणली. दोन दिवस ती मला एकच विचारत होती, "आईनं काय चोरलं, बाई?"

मग जीप आली. भोंग्यानं पाड्यात चकरा मारून भागीचं नाव घेतलं, तिच्या नवऱ्याचं घेतलं, आडनाव घेतलं. सदर महिला प्लेगची संशयित रुग्ण असून तिच्या संपर्कात आलेल्यांनी पुढे यावे. कोण पुढे येतंय! पुढे आले ते तोंडाला फडकी बांधलेले दोघे जण. त्यांनी भागीच्या खोपटात पांढरी पावडर मारली. चुलीवर, भांड्यांवर, कुसुमच्या फाटक्या गोधडीवर. दारावर गेरूनं फुली काढली आणि गेले. तो पावडरीचा वास कितीतरी दिवस शाळेत येत होता. मुलं नाक दाबून पाढे म्हणायची.

नवरात्र बसायच्या सुमारास भागी परतली. अंगावर दवाखान्यात कुणीतरी दिलेलं पांढरं पातळ. तिचं लुगडं, गाठोडं, सगळं तिथं जाळून टाकलं होतं. ताट जमिनीवरून पायानं सरकवून द्यायचे, म्हणाली. हे ती हसत सांगत होती, कारण ती सुटली होती ना! हिवतापच निघाला होता, गोळ्या दिल्या, जा म्हणाले. जगात एवढं सोपं काही असतं असं तिला वाटलं होतं. तशीच घागर घेऊन विहिरीवर गेली. बायकांनी आपापल्या घागरी उचलल्या आणि लांब जाऊन उभ्या राहिल्या. एकीनं विचारलं, "जामिनावर सुटली काय गं?"

धरली, ठेवली, सोडली. पाड्याचा हिशेब चोख होता. सुटलेला माणूस निर्दोष असतो असं त्यांनी कधी बघितलं नव्हतं. सुटला म्हणजे कुणाच्या तरी पाया पडून सुटला. मी खूप समजावलं. माझ्यासमोर सगळे माना डोलवायचे, बाई म्हणतात ते खरं म्हणायचे, आणि भागी आली की वाट सोडून उभे राहायचे. नागली पिवळी पडत चालली होती, आणि कापणीला हिच्याकडे कोण येणार, हा एकच प्रश्न होता. कुणी येत नाही म्हणजे दाणा घरात येत नाही. दाणा नाही म्हणजे मायलेकींनी पावसाळ्यापर्यंत काय खायचं?

एका संध्याकाळी ती माझ्या ओट्यापासून चार हात लांब उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, ती गाडी परत बोलवा."

"कुठली गाडी?"

"भोंग्याची. आली होती तशीच फिरू द्या पाड्यातून. माझं नाव घेऊ द्या, आडनाव घेऊ द्या. आन् सांगू द्या, भागीला काय नव्हतं. मंग येतील समदे."

किती साधं मागणं! ज्या तोंडानं बोललात त्याच तोंडानं परत बोला. मी म्हटलं, त्यात काय, उद्याच जाते. तालुक्याला गेले. तिथले आरोग्य खात्याचे साहेब चहा पीत होते. मला खुर्ची दिली, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाले, "बाई, पॉझिटिव्ह असती तर गाडी पाठवलीच असती. निगेटिव्हसाठी डिझेल कोण जाळतं?"

मी म्हटलं, "संशयासाठी जाळलंत ना?"

"ते कामच आहे आमचं."

"मग हे कुणाचं काम?"

साहेबांनी चहा संपवला. मी पुन्हा गेले, पुन्हा परत आले, पुन्हा गेले. शेवटी माझ्या तोंडाला कंटाळून म्हणाले, त्या बाजूला गाडी जाणारच आहे, सांगतो त्यांना. मला वाटलं, जिंकले. घाट उतरताना एसटीत मी चक्क गुणगुणत होते.

जीप यायची होती त्या दिवशी भागीनं अंगण सारवलं. दारावरची फुली घासून घासून पुसली. कुसुमला तेल लावून दोन घट्ट वेण्या घातल्या. मी शाळा लवकर सोडली. पाडा जमला होता, थोडा लांब, झाडाखाली. भागी दारात उभी. लग्नघरात वरमाय उभी असते तशी, मान ताठ.

जीप आली. आत एक नवीनच पोरगेलासा माणूस होता, नाशिककडचा असावा. हातात चिठ्ठी, तोंडाशी माइक. त्यानं नाव घेतलं, नवऱ्याचं घेतलं, आडनाव घेतलं. आणि मग खणखणीत आवाजात तो म्हणाला, "यांचा तपासणी अहवाल निगेटिव्ह आलेला आहे, याची सर्व ग्रामस्थांनी नोंद घ्यावी." पुन्हा एकदा तेच म्हणाला. गाडी वळली आणि धुरळा उडवत गेली.

मी पळत झाडाकडे जाते तोवर एका म्हातारीनं विचारलंच होतं, "निगेटी म्हंजी काय रं?"

पोलीस पाटील शहाणा माणूस. नाशिकला जाऊन फोटो काढून आलेला. तो म्हणाला, "फोटोत काळं येतं ना, त्याला निगेटिव म्हणतात. काळं निघालं तिचं." आयांनी आपापली पोरं मागे ओढली. कुणीतरी म्हणालं, "नोंद घ्या म्हणला, म्हंजी आपून संभाळून ऱ्हावा."

मी घसा फोडून ओरडले. अरे, निगेटिव्ह म्हणजे नाही! नाही निघालं काही! तिला प्लेग नव्हता! पाटलानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाई, नाय असतं, तर नाय म्हणला असता ना भोंगा. मराठी शब्द संपले व्हते काय?"

नाही हा शब्द आपल्या भाषेत लहान मूल पहिल्यांदा शिकतं. सरकारला तो उच्चारायला लाज वाटली. मी त्याच संध्याकाळी तालुका गाठला, साहेबांना हात जोडले. ते म्हणाले, एकदा जाहीर केलंय, आता परत परत काय? आणि वर हसले. "तुमच्या पाड्याला निगेटिव्ह कळत नाही, तर ते शिकवायचं काम तुमचं, बाई." त्या हसण्याची मला आजही शिसारी आहे.

वनिताताईंना काय ठाऊक हे! त्यांच्या घरी निगेटिव्ह म्हणजे पेढे. शहराला हे शब्द अंगवळणी पडले. पॉझिटिव्ह वाईट आणि निगेटिव्ह चांगलं, हा उलटा कारभार इथं सगळ्यांना पाठ आहे. आणि तरी सांगते, परवा त्यांचा मुलगा लिफ्टमध्ये शिरला तेव्हा वरच्या मजल्यावरचे गृहस्थ बाहेर पडून जिन्यानं गेले. पेढा खाऊन गेले होते ते. तेव्हा पाड्यालाच कशाला अडाणी म्हणू?

नागली भागीनं एकटीनं कापली. मी रविवारी विळा घेऊन गेले, सवय नाही, हाताला फोड आले. ती सकाळपासून माझ्याशी एक शब्द बोलली नाही. टोमणा तर दूरच. मी मुद्दाम म्हटलं, "भागी, आज मला शिकव की." तिनं वर बघितलंच नाही. तिच्या मदतीला गेले म्हणून पुढे कितीतरी दिवस माझ्या वर्गात जेमतेम मूठभर पोरं. पक्ष्यांनी खाऊन उरलं ते धान्य एका पाटीत मावलं.

मग मला एकेक दिसायला लागलं. कुसुम ओट्यावर एकटी जेवायची, भागी आत. पाणी देताना भागी वरून ओतायची, पोरगी ओंजळीनं प्यायची. वेण्या बंद झाल्या. पोरीचे केस जटा झाले तरी ती हात लावेना. मला वाटायचं, बाई खचलीय, होईल हळूहळू बरी. डोंबलाची बरी! मी आपली मास्तरणीच्या अकलेनं विचार करत होते.

दिवाळीनंतर एका सकाळी ती कुसुमला घेऊन आली. पोरीला ओट्यावर बसवलं आणि स्वतः लांब, आंब्याखाली थांबली.

"बाई, हिला तुमच्यापाशी ठेवा. आश्रमशाळेत घाला. मी जाते."

"कुठं जातेस? आणि का?"

ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली. मग एकदम वर बघून म्हणाली, "बाई, खरं सांगा. माला व्हता ना?"

मी ओरडलेच. "नव्हता गं भागी! देवाशपथ नव्हता. हिवताप होता तुला, साधा हिवताप!"

"भोंग्यानं तर दोनदा सांगितलं."

"त्याचा अर्थ तसा नाही. कितींदा सांगू तुला?"

ती हसली. पंधरा वर्षं झाली, त्या हसण्यात राग असता तर बरं झालं असतं असं वाटतं. माझी समजूत काढत असल्यासारखी ती हसली. म्हणाली, "तुमी चांगल्या हाय, म्हणून सांगता."

आणि वळून चालायला लागली. कुसुम ओट्यावरून उडी मारून तिच्यामागे धावली. भागीनं मागे बघितलं, पोरगी जवळ येतेय हे दिसल्यावर चटकन खाली वाकली, आणि कुत्र्याला हाकलतात तसा तिच्यावर धोंडा उगारला. "जा," म्हणाली, "जवळ येऊ नको, लागंल तुला."

कुसुम जागच्या जागी थांबली. भागी फाट्याकडे दिसेनाशी होईपर्यंत धोंडा तिच्या हातातच होता.